आमच्याकडे दोघी बाळंतपणाला आल्यात, त्यातली एक कोणाची तेच कळेना

जिन्यातला (३ जुलै)

नमस्कार मंडळी, जरा गंमतशीर वाटेल पण घरात खरंच भांडणं व्हायची वेळ आलीये म्हणून विचारतोय.

डोंबिवली पूर्वेला आमची जुनी बिल्डिंग, आम्ही पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिला साधं ग्रिल. गेले दहा-बारा दिवस एक मांजर रोज दुपारी तीनच्या सुमारास सज्ज्यावरून येतं, ग्रिलमधून आत घुसतं आणि घर आपल्या बापाचं असल्यासारखं सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारतं. कपाटामागे बघणार, दिवाणाखाली बघणार, देव्हाऱ्याच्या खालचा कप्पा उघडा असेल तर त्यात तोंड घालून बघणार. भाड्याने जागा बघायला आलेली माणसं बघतात ना अगदी तसं. मग आतल्या खोलीत गाद्यांच्या चळतीवर चढून झोपतं. पांढरं, त्यावर काळे आणि भगवे ठिपके, आणि पोट चांगलंच मोठं आहे. आई म्हणते ती बाळंतपणाला जागा शोधतेय.

आता मुद्दा असा की माझी बहीणही बाळंतपणाला माहेरी आलीये. आठवा लागलाय, तारीख ऑगस्टच्या २२ ची आहे. तिच्या सासूबाईंनी कुठलातरी व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवलाय की मांजराच्या केसांनी पोटातल्या बाळाला रोग होतो, त्यामुळे भावजी रोज रात्री फोन करून "गेलं का ते" विचारतात. आणि आमच्या मातोश्री म्हणतात की दारात आलेल्या गरोदर जीवाला हाकलायचं नाही, मांजर हे मुलांना राखणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन आहे, घरात बाळ येणार असताना तर अजिबात नाही. म्हणून तिला रोज दूधपोळी. मी मधल्यामध्ये.

प्रश्न: १) ही कोणाची आहे हे शोधायचं कसं? गळ्यात पट्टा नाही, पण माणसांना बिलकुल घाबरत नाही, पायात घोटाळते. २) बहिणीला खरंच काही धोका आहे का? ३) घरात पिल्लं घातली तर काय करायचं? ४) पोत्यात घालून लांब सोडून ये असं वॉचमन म्हणतो, माझ्याने होणार नाही, पण लोक करतात का असं?

जरा लवकर सांगा, पोट दिवसेंदिवस वाढतंय. (मांजराचं.)

बोकोबा (३ जुलै)

तू जागा दाखवली नाहीस तर ती स्वतः निवडणार आणि ती नेमकी तुझ्या ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टांवर असणार, लिहून ठेव.

बाकी ठिपक्यांचा रंग काळा आणि भगवा दोन्ही म्हणालास, म्हणजे पोट नसतं दिसलं तरी मादीच हे सांगता आलं असतं. भगव्या रंगाचं जनुक मांजरात एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे काळा आणि भगवा दोन्ही एकत्र दिसायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका हा अगदी क्वचित, एखादं एक्स जास्तीचं घेऊन जन्मलेला असतो, आणि तो बहुधा वांझ असतो. सोसायटीत पैज लावून बघ, मी दोनदा वडापाव जिंकलाय.

मांगरातली (३ जुलै)

जिन्यातला, तुमच्या आईंचं बरोबर आहे. आणि ती जे घरभर फिरून बघते ना ते उगाच नाही, आमच्या आजीच्या भाषेत "जागा हुंगणं".

आमचं घर गुहागरकडे. तिथे मांजर पाळणं वगैरे प्रकारच नव्हता, मांजरं असायची एवढंच. भाताच्या कणग्या होत्या म्हणून उंदीर, उंदीर होते म्हणून मांजरं, आणि मासेवाली आली की पुळणीवरून हाक ऐकू यायच्या आधी पडवीत पाच-सहा शेपट्या उभ्या. त्यातली आपली कुठली आणि वाडीतली कुठली हे कोणी विचारत नसे. एका पावसाळ्यात एक पूर्ण अनोळखी करडी मांजर आली, आठ दिवस माळ्यावर, न्हाणीत, गोठ्यात सगळीकडे हिंडली आणि शेवटी आजोबांच्या ट्रंकेत, धुतलेल्या धोतरांवर, चार पिल्लं घातली. आजोबा सोवळ्यातले. आम्हाला वाटलं आता काय होतंय. तर त्यांनी ट्रंकेचं झाकण पडू नये म्हणून त्यात लाकडाची खुंटी मारली आणि पंधरा दिवस एकाच धोतरावर काढले, रात्री धुवायचं सकाळी नेसायचं. पावसात ते वाळायचं नाही, ओलंच नेसायचे, पण बोलले नाहीत.

आणि एवढं करून बाईसाहेबांनी बाराव्या दिवशी पिल्लं उचलली आणि मांगरात (शेतातल्या खोपटात) नेली, तिथून शेजारच्यांच्या पेंढ्यात. सात घरं फिरवते म्हणतात ते खोटं नाही. एका जागी पिल्लांचा वास साचतो, बोका वासावर येतो, आणि परका बोका लहान पिल्लं मारतो, म्हणून ती हलवत राहते. आम्ही पोरांनी सारखं झाकण उघडून बघितलं त्यामुळेही गेली असणार. तेव्हा तुम्ही बघायला गर्दी करू नका.

हां आणि पोत्यात घालून सोडायचं अजिबात मनात आणू नका. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं म्हणायचे आमच्याकडे, आजचा सोन्याचा भाव बघा आणि ठरवा.

टॅबी_ठाणे (३ जुलै, रात्री)

मी गेली सहा-सात वर्षं ठाण्यात रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी करून आणायचं काम करते, तर मुद्द्याचं सांगते.

आधी कान बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे, मग पोट मोठं म्हणजे एकतर खाऊन किंवा जंत किंवा आजार, डॉक्टरकडे न्या. कान पूर्ण असेल आणि पोटावरच्या सडांभोवतीचे केस कमी होऊन सड गुलाबी दिसत असतील तर गाभण. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात. घर हुंगायला लागली म्हणजे फार वेळ नाही, जास्तीत जास्त आठ-दहा दिवस धरा.

दूधपोळी बंद. आईंना राग येईल पण मोठ्या मांजरांना गाईम्हशीचं दूध बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात, गाभण मांजरीला तर नकोच. मांजर शुद्ध मांसाहारी जनावर आहे, तिला लागणारं टॉरीन नावाचं पोषकद्रव्य पोळीत नसतं. तुमच्याकडे सामिष चालत नसेल तर कोरडं कॅटफूड मिळतं, तेही पिल्लांसाठीचं घ्या, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला तेच चालतं. स्वच्छ पाणी ठेवा.

आणि हे महत्त्वाचं, गाद्यांच्या चळतीत डांबरगोळ्या आहेत का? आजच काढा. मांजराला विषारी असतात. तसंच ताप आला वाटून कोणी क्रोसिनचा तुकडा वगैरे देऊ नका, पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. मी दोन मांजरी अशा गेलेल्या बघितल्यात, दोन्ही वेळा देणारा माणूस मायाळूच होता.

पिल्लं नको असतील घरात तर ड्राय बाल्कनीतच एक खोका आडवा ठेवा, पावसाचं पाणी येणार नाही अशा कोपऱ्यात, आत जुनी सुती साडी. तिला अंधार, कोरडं आणि आडोसा लागतो, तुमची गादी लागत नाही. आतल्या खोलीचं दार आजपासून बंद. पण एकदा का घातली पिल्लं की मग ग्रिलला जाळी मारू नका, आई बाहेर आणि पिल्लं आत असं झालं की दोन दिवसांत खेळ संपतो. लोक हे नेमकं करतात आणि मग रात्री दोनला मला फोन करतात.

लांब सोडून येण्याबद्दल: प्राण्याला उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. आणि तिला तिथून हाकललंत तरी रिकाम्या जागेत दुसरं मांजर येतं, कारण ती ज्या कारणाने आली ते कारण तिथेच असतं. कचऱ्याचा डबा, उंदीर, नाहीतर कोणाची तरी दूधपोळी.

वैतागलेला (४ जुलै)

सगळे एकदम भूतदयेत बुडालेत म्हणून दुसरी बाजू. मी तळमजल्यावर राहतो. आमच्या सोसायटीत एक बाई जिन्याखाली मांजरांना खाऊ घालतात आणि त्या मांजरांचे नवरे माझ्या दाराला पाणी घालून जातात. पायपुसणं, शू रॅक, एकदा तर मुलाच्या दप्तरावर. तो वास काय असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत, फिनेल टाकलं की उलट दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी. कमिटीकडे चार वेळा अर्ज दिले, उत्तर नाही. आणि मी काही बोललो की मी राक्षस.

मांजर रात्री शिरलं आणि ओट्यावरचं दूध पालथं केलं तर हसायचं, मांजर झाकलेल्या आमटीचं झाकण पाडून गेलं तर हसायचं. माझ्या घरात कोण येणार हे मी ठरवणार की नाही? जिन्यातला, सरळ जाळी मारून घ्या आत्ताच, पिल्लं व्हायच्या आधी. नंतर तुमच्या मातोश्री तुम्हाला मारू देणार नाहीत.

टॅबी_ठाणे (४ जुलै)

@वैतागलेला तुम्ही राक्षस नाही, तुमची तक्रार खरी आहे आणि खायला घालणारे लोक बऱ्याचदा फक्त खायला घालतात, पुढचं काही करत नाहीत याचा मलाही राग येतो. शिंपडतो तो बोका, हद्द आखायला. त्याची नसबंदी केली की बहुतेकांचं ते थांबतं. फिनेल नका टाकू, त्याने मूत्रातला वास मोडत नाही आणि फिनेल मांजरांना विषारीही आहे. एन्झाइमवाला क्लीनर मिळतो पेट शॉपमध्ये, तो ओतून तसाच मुरू द्यायचा, पुसायचा नाही लगेच. वास राहिला की बोक्याला वाटतं सही पुसट झाली, परत करू. त्या बाईंना सांगा पकडायला मदत करा, मी येते पिंजरा घेऊन. खरंच सांगतेय, मेसेज करा.

जाळीबद्दल मात्र बरोबर. आत्ता मारली तर चालेल. मांजराच्या गळपट्टीचं हाड सुटं असतं, त्यामुळे डोकं गेलं की बाकीचं अंग मागून येतंच, चार इंचाचं ग्रिल म्हणजे तिच्यासाठी उघडं दार आहे. कबुतराची नायलॉन जाळी नको, ती फाडतात. तारेची बारीक जाळी.

ओपीडी_क्र_३ (४ जुलै)

मी स्त्रीरोग ओपीडीत नर्स आहे, हा प्रश्न दर आठवड्याला येतो. शांतपणे वाचा आणि भावजींना पाठवा.

केसांनी बाळाला काही होत नाही. ज्याची भीती आहे तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, आणि तो मांजराच्या विष्ठेतून येतो, केसांतून नाही. त्यातही मांजर तो पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच बाहेर टाकतं, आणि ताजी विष्ठा लगेच लागण करत नाही, ती करण्यालायक व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून नियम असा की घाण रोजच्या रोज उचलायची, आणि गरोदर बाईने नाही, तुम्ही. बाल्कनीतल्या कुंड्यांत मांजर जात असेल तर ताईंनी कुंड्यांच्या मातीत हात घालायचा नाही. हे इतकंच. लोकांना हा आजार मांजर कुशीत घेऊन होण्यापेक्षा अर्धंकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी खाऊन जास्त होतो, पण कोणी पालेभाजीला घराबाहेर काढत नाही. ताईंच्या डॉक्टरांना मांजराचं सांगून ठेवा, त्यांना गरज वाटली तर रक्ततपासणी सांगतील.

मला जास्त काळजी ओरखड्याची आहे. अनोळखी मांजर, लस कोणी दिलीये माहीत नाही, आणि पिल्लं झाल्यावर ती चावरी होणार. रेबीज मांजरापासूनही होतो. ओरखडा किंवा चावा, कितीही बारीक, रक्त आलं नाही तरी: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात लस मोफत असते. गरोदरपणात ही लस घेता येते, "दिवस गेलेत म्हणून नको" असं म्हणून थांबायचं नाही. ताईंनी मांजराला उचलू नये, लांबून बोलावं हवं तेवढं.

लेस्टरकर (४ जुलै, उशिरा)

कोणाची आहे ते शोधायचा एकदम सोपा उपाय सांगतो. कागदी पट्टा.

इथे इंग्लंडमध्ये मांजरं सर्रास मोकळी फिरतात, दाराला त्यांच्यासाठी छोटी झडप असते, त्यामुळे रस्त्यावरचं मांजर बेवारस की शेजाऱ्याचं हे दिसून कळत नाही. आम्ही नवीन आलो तेव्हा एक जाडं काळं मांजर रोज संध्याकाळी मागच्या दारातून आत यायचं, बायकोने त्याला उपाशी समजून दोन महिने ट्यूना खाऊ घातला आणि नाव ठेवलं खंडू. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं, साध्या कागदाची पट्टी कापायची, त्यावर "हे मांजर तुमचं आहे का? आमच्याकडे येतं" असं लिहायचं, गळ्याभोवती सैल गुंडाळून टोकं चिकटपट्टीने जोडायची. दोन बोटं आत जातील इतकं सैल. कागद असल्यामुळे कुठे अडकलं तर फाटून सुटतं, फास बसत नाही. दोरा किंवा रबरबँड कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी खंडू आला तो गळ्यात नवीन कागद घेऊन, त्यावर लिहिलेलं की याचं नाव विन्स्टन आहे, तो डाएटवर आहे, कृपया खायला देऊ नका. बायको आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, जसं काही मी चिठ्ठी लिहिली होती.

इथे आता १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजराला २० आठवड्यांचं व्हायच्या आत मायक्रोचिप सक्तीची आहे, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड, त्यामुळे व्हेटकडे नेलं की स्कॅन करून मालक सापडतो. डोंबिवलीत चिप नसेल पण कागद आणि पेन तर आहे. फोन नंबर मात्र नको लिहूस, कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, बिल्डिंग आणि मजला लिही.

जिन्यातला (७ जुलै)

लेस्टरकर साष्टांग नमस्कार!!

कान पूर्ण आहेत, सड गुलाबी आहेत, डांबरगोळ्या निघाल्या एकोणीस. परवा बहिणीने लांबून सूचना दिल्या आणि मी पट्टा बांधला, तिने काही केलं नाही, फक्त अपमान झाल्यासारखं तोंड केलं. आज तीनला आली तर पट्टा तोच पण मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं, आणि कागदावर सगळीकडे पांढरी पूड. शब्दशः देतो:

"ही गिरनीतली हाय. नाव राणी. ऊंदरासाठी ठेवलीय. दुपारी गिरनीचा पट्टा चालू झाला की आवाजानं जाते कुठंतरी, आज कळलं कुठं."

मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी! आम्ही दळण तिथेच टाकतो गेली वीस वर्षं! आई लगेच गव्हाचा डबा घेऊन गेली (दळण नव्हतंच, अर्धा डबा होता). गिरणीवाल्या काकांचं म्हणणं, मागच्या वेळी तिने गिरणीत पिल्लं घातली होती आणि बोक्याने एकही ठेवलं नाही, म्हणून या खेपेला बहुतेक बाहेर जागा बघतेय. आई हे ऐकून आली आणि तेव्हापासून घरात जाळी हा शब्द काढायचा नाही असा हुकूम आहे. @वैतागलेला तुम्ही बोललात तसंच झालं.

खोका ठेवलाय बाल्कनीत. ती त्यात गेली, हुंगलं, बाहेर आली, आणि माझ्याकडे बघून परत आतल्या खोलीच्या बंद दारासमोर जाऊन बसली.

वैतागलेला (७ जुलै)

मी काय सांगत होतो.

जिन्यातला (११ जुलै)

झाली. चार. आणि खोक्यात नाही.

पहाटे आईने आंघोळीला पाणी तापवताना आतलं दार पाच मिनिटं उघडं ठेवलं तेवढ्यात आत. बहिणीच्या बाळासाठी आईने जुन्या मऊ नऊवारी साड्या काढून ठेवल्या होत्या, दुपटी आणि लंगोट शिवायला, ती पेटी पलंगाखाली अर्धी उघडी होती. त्यात. आजीची एक जांभळी साडी होती, पन्नास वर्षांची तरी असेल, नेमकी तीच सगळ्यात वर.

मला वाटलं आई आता बोलेल काहीतरी. तर ती पेटीशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली "आईच्या हाताला यश होतं." आजी वाडीत बाळंतपणं करायची, सुईण होती. मग उठून चहा टाकला.

पेटी तशीच सरकवत सरकवत, राणी आत बसलेली, बाल्कनीजवळच्या कोपऱ्यात नेली. बहीण समोरच्या खोलीत. तिच्या डॉक्टरांना सांगितलं, त्या हसल्या आणि ओपीडी_क्र_३ यांनी लिहिलंय तेच सगळं बोलल्या. भावजींना फोटो पाठवला. अर्ध्या तासाने रिप्लाय: "एक आपल्याला ठेवा."

टॅबी_ठाणे (११ जुलै)

अभिनंदन! पंधरा दिवस हात लावू नका, खाणं-पाणी जवळ ठेवा. साधारण सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतील. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू करता येईल, आठ आठवड्यांच्या आत कोणाला पिल्लू देऊ नका, भावजींनासुद्धा. आणि राणी दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा पिल्लं सुटी झाली की लगेच ऑपरेशन, गिरणीवाल्या काकांना आत्ताच विचारून ठेवा. पिल्लांचं पण चार-पाच महिन्यांत, त्यापेक्षा उशीर केला की पुढच्या वर्षी हाच धागा तुमची वरच्या मजल्यावरची शेजारीण काढेल.

बोकोबा (१२ जुलै)

तिरंगी किती? पैज आहे माझी.

जिन्यातला (१२ जुलै)

एक तिरंगी, दोन भगवी, एक काळं. तिरंगी मादी आहे का बघायला राणी जवळ जाऊ देत नाही, तुझा वडापाव उधार.

जिन्यातला (२५ जुलै)

गेली. काल रात्री पाऊस जोरात होता, बाल्कनीत थोडं पाणी आलं, सकाळी पेटी रिकामी. आई रडायलाच लागली. बहिणीने सगळी बिल्डिंग शोधायला लावली, मी जिन्याखाली टॉर्च घेऊन ओणवा.

सापडली समोरच्या काकांच्या शू रॅकमध्ये, खालच्या कप्प्यात, गमबुटांच्या मागे. हे काका म्हणजे आमच्या बिल्डिंगचे वैतागलेला, जिन्यात मांजर दिसलं की काठी आपटणारे. सकाळी फिरायला जायला बूट काढायला वाकले आणि चार जोडी डोळे. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी दार अर्धंच उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले "हळू बोल, आत्ता झोपलीत." अनवाणीच होते.

कॅटफूडचं पाकीट त्यांच्याकडे दिलंय. ऑपरेशनचं गिरणीवाले काका हो म्हणालेत, निम्मा खर्च ते, निम्मा आम्ही, टॅबीताई तुम्हाला मेसेज केलाय. जाळीवाला रविवारी माप घ्यायला येतोय, आईने परवानगी दिली, पण एका बाजूला बिजागरी लावून उघडता येईल अशी हवी म्हणते.

आजीची साडी तिने दोनदा गरम पाण्यात भिजवून धुतलीये. वाळत घातलीये खरी, पण चार दिवस ऊनच नाही.

मांगरातली (२५ जुलै)

तीन घरं झाली. अजून चार आहेत, वरच्या मजल्यावर कळवून ठेवा.